कर्मवीरांच्या बोर्डिंगचा हिशेब : मूठभर धान्यावर शिकलेली पिढी

(कर्मवीर जयंती विशेष)

निपाणी : २२ सप्टेंबर आला की सीमाभागातल्या अनेक शाळांत कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या फोटोला हार पडतो. दाढीवाले, खादीतले अण्णा सगळ्यांच्या ओळखीचे. भाषणं होतात, रयत शिक्षण संस्थेच्या शाळा-कॉलेजांची यादी वाचली जाते, पद्मभूषणचा उल्लेख होतो, खाऊ वाटला जातो आणि मुलं घरी जातात. अण्णांनी गरिबांना शिकवलं, एवढं सगळ्यांना पाठ आहे. पण ते जमवलं कसं? खिशात पैसा नाही, मागे संस्थान नाही, स्वतःकडे पदवी नाही. ज्यांच्यासाठी शाळा काढायची त्या लोकांकडे फी द्यायला दमडी नाही. असा आतबट्ट्याचा व्यवहार चाळीस वर्षं चालला आणि वाढत गेला. कॉमर्स शिकलेल्या माणसाला हाच प्रश्न आधी पडतो. अण्णांचं आयुष्य त्या बाजूनं बघितलं की आजच्यासाठीही बरंच काही हाती लागतं.

कुंभोज ते कोल्हापूर

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा. गाव कुंभोज, तालुका हातकणंगले, जिल्हा कोल्हापूर. म्हणजे आपल्यापासून फार लांब नाही. वडील पायगोंडा, आई गंगाबाई. घराणं जैन, मूळ कर्नाटकातलं मूडबिद्रीकडचं. पुढे ते सांगली भागात ऐतवडे बुद्रुकला स्थिरावलं. कन्नड मुळाची माणसं मराठी मुलखात रुजली आणि इथलीच होऊन गेली. सीमाभागातल्या वाचकाला यात नवल वाटायचं कारण नाही, आपल्याकडे गल्लोगल्ली अशी घरं आहेत.

वडील महसूल खात्यात नोकरीला. बदल्या व्हायच्या, तसं भाऊरावांचं बालपण वेगवेगळ्या गावांत गेलं. गावकुसाबाहेरच्या बायका विहिरीपाशी घागर घेऊन ताटकळत उभ्या राहतात, कुणी वरून पाणी घालेल तेव्हा घागर भरते, हे त्यांनी लहानपणीच बघितलं. चीड आली तेव्हा त्या विहिरीचा रहाट मोडून टाकला, अशी त्यांच्या पोरवयातली गोष्ट आजही सांगितली जाते. अभ्यासात मात्र त्यांचं फारसं लक्ष नव्हतं. कुस्ती, पोहणं, उनाडक्या यात दिवस जायचे.

शिकायला कोल्हापूरला राजाराम हायस्कूलमध्ये घातलं आणि राहायला जैन बोर्डिंगात. तो काळ राजर्षी शाहू महाराजांचा. महाराजांनी कोल्हापुरात मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम अशा वेगवेगळ्या समाजांसाठी वसतिगृहं उभी करायचा सपाटा लावला होता. अस्पृश्य मुलांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या कार्यक्रमाला तरुण भाऊराव जाऊन आले. बोर्डिंगात परतल्यावर आधी आंघोळ करा, मग जेवायला बसा, असा नियम पुढे आला. भाऊरावांनी आंघोळ करायला नकार दिला. तेव्हा बोर्डिंगचे अधीक्षक होते अण्णासाहेब लठ्ठे, पुढे बेळगावचे पुढारी आणि मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले तेच. त्यांनी भाऊरावांना बोर्डिंगातून काढलं. शाहू महाराजांनी त्यांना आधार दिला. पण शिक्षण मॅट्रिकच्या अलीकडेच थांबलं.

ज्याने काढलं, त्याच्याविरुद्ध साक्ष दिली नाही

हेच लठ्ठे काही वर्षांनी भाऊरावांच्या आयुष्यात पुन्हा आले. १९१४ मध्ये कोल्हापुरात ब्रिटिश राजघराण्यातल्या पुतळ्याला डांबर फासल्याचं प्रकरण झालं. लठ्ठे आणि दरबार यांचं तोपर्यंत बिनसलं होतं. लठ्ठ्यांना या प्रकरणात गुंतवायचं आणि भाऊरावांनी त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यायची, असा दबाव आला. खोटं बोलायला भाऊराव तयार झाले नाहीत. त्यांना अटक झाली, पोलिसी छळ झाला. तो इतका होता की त्यांनी जीव द्यायचाही प्रयत्न केला. शेवटी सुटका झाली.

हा प्रसंग भाषणांत फारसा येत नाही. पण माणूस कोणत्या मातीचा होता ते यावरून कळतं. ज्याने आपल्याला जेवणाच्या पंगतीवरून उठवून बाहेर काढलं, त्याच्यासाठी त्यांनी तुरुंग सोसला. पुढच्या काळात लोकांनी त्यांच्या हातात धान्य, पैसा आणि पोटची पोरं दिली. बिनकागदाचा हा विश्वास होता, आणि त्याचं मूळ अशा प्रसंगांत आहे.

नांगर विकताना वाचलेला गाव

मधल्या काळात भाऊरावांनी साताऱ्यात शिकवण्या घेतल्या. लोक त्यांना पाटील मास्तर म्हणू लागले. १९१० च्या सुमारास मित्रांबरोबर दुधगावला विद्यार्थी आश्रम काढला. सगळ्या जातींची मुलं एका छपराखाली ठेवायचा तो पहिला प्रयोग.

त्यानंतर आली नोकरी, तीही फिरतीची. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. बेळगावातलं सायकलचं दुकान आणि छोटा कारखाना सोडून ते १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळावर गेले आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्यांचा लोखंडी नांगर गावोगाव विकायचं काम भाऊरावांनी केलं. लोखंडानं जमीन नासते असा शेतकऱ्यांचा समज होता. तो घालवायचा म्हणजे बांधावर बसून बोलावं लागायचं. चावडीवर मुक्काम, शेतकऱ्याच्या घरी भाकरी, रात्री गप्पा, असं सगळं.

विक्रेत्याला एक गोष्ट पक्की कळते, ती म्हणजे समोरच्याकडे काय आहे आणि काय नाही. भाऊरावांनी सातारा भागातली शेकडो घरं अशी आतून बघितली. त्या घरांत रोकड नव्हती. पण सुगीत धान्य होतं, अंगात कष्ट होते, आणि भरवसा बसला तर द्यायची दानत होती. पुढचं सगळं गणित त्यांनी याच तीन गोष्टींवर मांडलं.

साताऱ्यात धनजीशा कूपर यांचा नांगराचा कारखाना उभारायलाही त्यांनी हात लावला. नफ्यातला काही वाटा शिक्षणाला मिळेल अशी त्यांची अपेक्षा होती. ते घडेना, तेव्हा वाद झाला आणि भाऊराव बाहेर पडले. धनिकाच्या शब्दावर शाळा चालत नाही, हा धडा त्यांना मिळाला.

काले गावातली सुरुवात

४ ऑक्टोबर १९१९. कराडजवळच्या काले गावात सत्यशोधक समाजाच्या परिषदेच्या निमित्ताने रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. नावातच रयत. बोधचिन्ह वडाचं झाड. बहुजन समाजात शिक्षणाची गोडी लावायची, गरिबाच्या पोराला मोफत शिकवायचं, जातीजातींत प्रेम वाढवायचं, खुळ्या रूढी मोडायच्या आणि मुलांना स्वावलंबी करायचं, असे साधे उद्देश होते. सुरुवात शाळेने झाली नाही, वसतिगृहाने झाली. काले, मग नेर्ले. १९२४ मध्ये मुख्य ठाणं साताऱ्याला आलं.

आधी बोर्डिंग का, हे नीट समजून घ्यायला हवं. सगळ्या गोष्टीचं मर्म तिथेच आहे.

भूमिहीन शेतमजुराचा दहा वर्षांचा मुलगा शाळेत का जात नव्हता? फी माफ केली तरी तो येत नव्हता. कारण फी हा त्याच्या खर्चातला सगळ्यात छोटा भाग. तो मुलगा कुणाच्या तरी घरी गुरं राखत होता आणि त्या बदल्यात त्याला भाकरी मिळत होती. शाळेत गेला की ती भाकरी बंद. म्हणजे घरात एक कमावता हात कमी आणि खाणारं एक तोंड जास्त. वरच्या वर्गाची शाळा तालुक्याला. तिथे राहायचं कुठे? महार-मांगाच्या मुलाला खोली कोण देणार, खानावळीत पाट कोण मांडणार? सरकारने शाळेची इमारत बांधली तरी हा मुलगा त्या इमारतीपर्यंत पोचतच नव्हता.

भाऊरावांनी आधी भाकरी आणि अंथरुणाची सोय केली. शाळा गावात कुणाचीही असो, आमचं पोर तिथे जाईल आणि जेवायला-झोपायला आमच्याकडे येईल. शाळा बांधायला लागणारं भांडवल नसलेल्या माणसाने निवडलेली ही वाट होती. शाहू महाराजांच्या वसतिगृहांपासून त्यांनी प्रेरणा घेतली, पण एक पाऊल पुढे टाकलं. कोल्हापुरात बहुतेक समाजाचं बोर्डिंग वेगळं होतं. भाऊरावांनी सगळ्यांची चूल एक केली. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान, रामोशी अशी पोरं एकाच कढईतली आमटी खायची आणि पाळीपाळीने ती रांधायची.

साताऱ्यात धनिणीच्या बागेत हे वसतिगृह वाढलं. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचं छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असं नामकरण झालं.

जमाखर्च

आता हिशेबाकडे येऊ. जमेच्या बाजूला तीन खाती होती.

पहिलं खातं मुष्टीफंडाचं. घरातली बाई दळायला बसली की जात्यात घालायच्या धान्यातलं मूठभर बाजूला काढायची. गोळा झालेलं धान्य बोर्डिंगला जायचं. एका घरातून मूठभर गेलं तर चुलीला कळतही नाही, पण गावातल्या सगळ्या घरांतून आलं की पोती भरतात. यात दुसरी एक गोष्ट घडली, ती पोत्यांपेक्षा मोठी. रोज हाताने मूठ काढणाऱ्या बाईला ते बोर्डिंग आपलं वाटू लागलं. आज ना उद्या माझाही पोरगा तिथे जाईल, आणि गेला तर कुणाच्या उपकारावर जाणार नाही, हे तिच्या मनात बसलं.

दुसरं खातं श्रमाचं. मुलं पहाटे उठून पाणी भरायची, लाकडं आणायची, स्वयंपाक करायची, शेतात राबायची. माळरान फोडून पिकाखाली आणायची. स्वतः राबून शिकायचं, या रीतीला पुढे कमवा आणि शिका हे नाव मिळालं. ते नाव आज देशभर कॉलेजांत वापरलं जातं. श्रमाच्या खात्यामुळे खर्च वाचला हे खरंच. शिवाय मराठ्याचा मुलगा झाडलोट करतोय आणि महाराचा मुलगा भाकरी थापतोय, हे चित्र रोज डोळ्यांसमोर राहिलं. जातीने ठरवून दिलेली कामं तिथल्या पाळीपत्रकाने मोडली.

तिसरं खातं देणग्यांचं. संस्थानिक, वकील, व्यापारी यांच्या दारात भाऊराव जायचे. पण हे खातं कधी भरायचं, कधी रिकामं राहायचं.

खर्चाच्या बाजूला एक रक्कम अशी आहे की ती कुठल्याच वहीत बसत नाही. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई कुंभोजच्या सधन, सोवळं पाळणाऱ्या घरातल्या. ही सगळ्या जातींची पोरं त्यांच्या पदरात येऊन पडली. त्यांनी त्यांना आईच्या मायेनं सांभाळलं, दुखलंखुपलं बघितलं, जेवू घातलं. भाऊराव धान्यासाठी गावोगाव आणि इकडे कोठी रिकामी, असं व्हायचं. मग एकेक दागिना जायचा. एकदा काहीच उरलं नाही तेव्हा त्यांनी गळ्यातलं मंगळसूत्रही मोडायला दिलं आणि पोरांच्या पोटात अन्न घातलं. त्या काळात अशा घरातल्या बाईनं हे करणं म्हणजे काय, हे आपल्या आज्या-पणज्यांना विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. १९३० मध्ये लक्ष्मीबाई गेल्या. संस्थेचा मोठा विस्तार त्यांना बघायला मिळाला नाही. रयतमाऊली म्हणून आज त्यांचा गौरव होतो. पण जयंतीच्या दिवशी बहुतेक ठिकाणी हार एकाच फोटोला पडतो.

मास्तर आपलाच, शाळा आपलीच

१९३२ मध्ये महात्मा गांधी आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्यातल्या पुणे कराराची आठवण म्हणून पुण्यात युनियन बोर्डिंग सुरू झालं. आता पुढची अडचण होती मास्तरांची. शहरातला शिकलेला मास्तर खेड्यात टिकत नव्हता. म्हणून १९३५ मध्ये साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली रुरल ट्रेनिंग कॉलेज निघालं. खेड्यातल्या मुलालाच मास्तर करायचं आणि खेड्यातच पाठवायचं. मुलींसाठीही पुढे जिजामाता अध्यापिका विद्यालय सुरू झालं. तरी खरं सांगायचं तर पहिली कित्येक वर्षं हे सगळं काम मुख्यतः मुलग्यांभोवतीच फिरत होतं. घरात राबणाऱ्या मुलीपर्यंत ते उशिरा पोचलं.

मास्तर तयार झाल्यावर १९३८ पासून व्हॉलंटरी शाळांची मोहीम सुरू झाली. पहिली शाळा साताऱ्याजवळच्या डोंगरावरच्या यवतेश्वरला. जिथे सरकारी शाळा नाही अशी छोटी छोटी गावं आणि वाड्या निवडायच्या. इमारतीची वाट बघायची नाही. देऊळ, चावडी, कुणाची पडवी, जे मिळेल तिथे फळा टांगायचा. जागा आणि हातभार गावाने द्यायचा, मास्तर संस्थेने. अशा शेकडो शाळा उभ्या राहिल्या.

१९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालं. राबून शिकायचं हे तत्त्व इथे हायस्कूलपर्यंत नेलं. बडोद्याच्या मराठी वाचकांना या नावाचा अर्थ सांगायला नको. सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्येच आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं होतं. राजाने हुकमाने केलेलं काम आणि नांगर विकणाऱ्या माणसाने मुठीमुठीने केलेलं काम, दोन्ही एकाच पाटीवर आली. १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झालं. ज्या पोरांच्या बापांनी शाळेची पायरी चढली नव्हती ती पोरं साताऱ्यातच पदवीला बसली.

अनुदान थांबलं तेव्हा

आणखी एका गोष्टीबद्दल बोलायला हवं, कारण ती आजच्या संस्थाचालकांच्या जिव्हाळ्याची आहे. स्वातंत्र्यानंतर भाऊरावांच्या स्पष्ट बोलण्यावरून बाळासाहेब खेर यांचं सरकार नाराज झालं आणि संस्थेचं अनुदान बंद झालं. आतापर्यंत संस्था इतकी वाढली होती की मुठीच्या धान्यावर सगळा डोलारा उभा राहणं अवघड होतं. मास्तरांचे पगार अडले. शेवटी गाडगे महाराजांनी मुख्यमंत्र्यांकडे शब्द टाकला आणि अनुदान पुन्हा सुरू झालं.

संस्था छोटी असते तोवर लोकांच्या मुठीवर चालते. मोठी झाली की सरकारच्या चेकवर येते. चेक आला की पगार वेळेवर होतात, हे चांगलंच. पण घराघरातून मूठ काढायची गरज संपली, की त्या घराचं शाळेशी असलेलं नातंही पातळ होतं. हा पेच भाऊरावांनाही पूर्ण सुटला नाही. गांधीजींच्या हत्येनंतर त्यांच्या नावाने १०१ हायस्कूलं काढायचा त्यांचा संकल्प होता. त्या जिद्दीनेच ते पुन्हा लोकांत फिरत राहिले, गावाकडून जागा आणि वर्गणी मागत राहिले.

१९५९ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिलं. त्याच वर्षी पुणे विद्यापीठाने डी.लिट. दिली. मॅट्रिकही न झालेल्या माणसाला विद्यापीठाची सर्वोच्च पदवी! थोड्याच दिवसांत, ९ मे १९५९ रोजी, त्यांचं निधन झालं. मागे शंभरावर हायस्कूलं, शेकडो प्राथमिक शाळा, वसतिगृहं, अध्यापक विद्यालयं आणि कॉलेजं होती. आज त्यांच्या नावाचं विद्यापीठ साताऱ्यात आहे, आणि महाराष्ट्राबाहेर कर्नाटकातही रयतची शाखा आहे.

आपल्याकडे काय घ्यायचं

सीमाभागात दर जून महिन्यात मराठी शाळांच्या पटसंख्येची चर्चा होते. बेळगाव, खानापूर, निपाणी, सगळीकडे तेच. निवेदनं जातात, दोन्ही राज्यांच्या सरकारांकडे बोट दाखवलं जातं. ती मागणी रास्तच आहे आणि लावून धरायलाच हवी. पण ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाचा मुलगा सहा महिने कुठे राहणार, काय खाणार, हा प्रश्न निवेदनात बसत नाही. वाडीवरच्या मुलीची एसटी चुकली तर ती घरीच बसते, हेही बसत नाही. भाऊरावांनी नेमकी तिथून सुरुवात केली होती. पोर शाळेत का येत नाही याचा घरात बसून हिशेब केला आणि जिथे गळती होती तिथे भाकरी, अंथरूण, मास्तर यापैकी काय लागेल ते लावलं.

हे करताना गरिबाकडे काहीच नाही असं त्यांनी कधी धरलं नाही. त्याच्याकडूनही घेतलं. मूठभर घेतलं, पण घेतलंच. त्यामुळे घेणारा मिंधा झाला नाही. हल्ली आपण वह्या, दप्तरं, सायकली वाटतो, फोटो काढतो. वाटप चांगलंच आहे. पण ज्याला दिलं त्याला त्या कामात वाटा मिळाला का, हे वर्षाच्या शेवटी कुणी तपासत नाही.

यंदा जयंतीला हार घालून झाल्यावर शाळा व्यवस्थापन समिती, पालक आणि माजी विद्यार्थी यांनी तासभर एकत्र बसावं. आपल्या गावातली किती मुलं शाळेबाहेर आहेत, प्रत्येकाचं कारण काय, आणि त्यातली किती कारणं गावाच्या मुठीत मावणारी आहेत, एवढं कागदावर मांडावं. आणि अण्णांच्या शेजारी लक्ष्मीबाईंचाही फोटो लावावा.

कर्मवीर अण्णांना आणि रयतमाऊलींना सीमाभागातर्फे विनम्र अभिवादन.